औंढ्याचा माणूस

सायलेन्सर कंपनीच्या गेटवर माणसं घ्यायची ती सोमवारी आणि गुरुवारी. सकाळी सहालाच गेटसमोरच्या मुरमावर दोनशे-अडीचशे माणूस उकिडवा बसलेला असायचा. ठेकेदाराचा मुनीम लोखंडी खुर्ची टाकून बसायचा आणि एकेकाला पुढं बोलवायचा. आधी हात बघायचा. तळवा, मग उलटा पंजा, मग दहाही बोटं मिटून-उघडून दाखवायची. बोटं सगळी आहेत का आणि वळतात का, एवढं त्याला पाहिजे असायचं. मग दंड दाबायचा, बाजारात बैलाची मांडी दाबतात तसा. आणि शेवटी विचारायचा, "गाव?"

रामकिसन गाडेकर तिथवर तीनदा पोचला होता. तिन्ही वेळा हात पास झाले, दंड पास झाला, आणि गावावर गाडी अडली.

"शेरवाडी," तो म्हणाला.

मुनिमाचा पेन कागदावर टेकला होता तो उचलला गेला. शेरवाडी गेटपासून पाऊण कोसावर. कंपनीच्या पाण्याच्या टाकीवर चढलं तर गावातलं मारुतीचं शिखर दिसायचं. कंपनी उभी होती तीच मुळी शेरवाडीच्या शिवारात. रामकिसनच्या बापाची, पुंजारामची, साडेचार एकर काळी त्यातच गेली होती. कॅन्टीनची भिंत जिथून वळते तिथं त्यांची विहीर होती.

"मागं सर. लोकल नको."

"मालक, एक दिवस काम तर बघा."

मुनीम काही वाईट माणूस नव्हता. त्यानं समजावून सांगितलं. "कामाचं मला नको सांगू. तुमी लोक कामाला वाघ हाय. पण लोकल माणसाला पेरणी येती, जत्रा येती, सोयरीक येती. गावात एक मैत झाली की निम्मी शिफ्ट रिकामी. बाहेरचा माणूस जाऊन जाऊन जाईल कुठं? खोलीवर. तिथून बोलावला की येतो. वरून लिहून आलंय, दहा कोसाच्या आतला माणूस घ्यायचा नाय. अन् त्यातून शेरवाडी म्हणलं की साहेबाला तापच येतो."

मागून कुणीतरी रामकिसनला ढकललं. लातूरकडचं एक पोरगं पुढं आलं, बोटं पसरून उभं राहिलं. रामकिसन बाजूला झाला. त्याच्या दंडावर मुनिमाच्या अंगठ्याचा पांढरा ठसा अजून दिसत होता, तो हळूहळू लाल झाला.

घरी आला तेव्हा बायको, द्वारका, भाकरी थापत होती. गावात काम उरलं नव्हतं. शिवारच उरलं नव्हतं तर काम कुठून उरणार. बाया कंपन्यांच्या मागं टाकलेल्या कचऱ्यातून पितळेची बुरादी, कातून पडलेला चुरा, निवडायच्या. त्या बुरादीनं द्वारकाची बोटं चिरली होती, भाकरी थापताना पिठात रक्त उतरायचं. त्या दिवशी तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाठमोरीच म्हणाली, "औंढ्याला मावशीचा बद्रीनाथ हाये. सुरतला गेला त्याला चार साल झाले. त्याची टी.सी., रेशनकार्ड, समदं मावशीच्या पेटीत हाये. तुमच्याहून पाच वर्षांनी ल्हान हाये कागदावर."

रामकिसननं तिच्या पाठीकडं पाहिलं.

"त्याला काय करायचं?"

"त्याला नाय. तुमाला बद्रीनाथ व्हायचं."

असा पुढच्या महिन्यात रामकिसन गाडेकर हा बद्रीनाथ कुटे झाला. वय सव्वीस, राहणार औंढ्याकडं, जिल्हा परभणी. मुनिमानं त्याचा दंड पुन्हा दाबला. तोंडाकडं काही त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळं तोंड ओळखायचा प्रश्न आला नाही.

*

काम प्रेसवर होतं. पत्र्याचं गोल पान डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचं, हात काढायचा, पायडल दाबायचं. वरून साठ टनाचा लोखंडी रॅम खाली यायचा आणि पत्र्याची वाटी व्हायची. वाटी काढायची, बिनमध्ये टाकायची, दुसरं पान घ्यायचं. हात, पाय, हात, पाय. पत्र्याला तेल लावलेलं असायचं, ते कोपरापर्यंत ओघळायचं आणि शिफ्ट सुटेस्तोवर कातडीत मुरायचं. साबणानं निघायचं नाही. भाकरीला वास यायचा, लेकरांच्या टाळूला हात लावला तर तिथं वास यायचा. वर पत्र्याचं छप्पर. चैत्रात दहा वाजता छपराखाली उभं राहिलं की डोक्यातून पाणी सुटायचं ते डोळ्यात उतरायचं, आणि डोळा पुसायला हात वर नेला की सुपरवायझर वाट्या मोजून म्हणायचा, "बद्री, जॉब कमी पडतोय."

पण रामकिसनचा हात बसला. तीन महिन्यांत तो लाइनीतला सगळ्यात सफाईचा ऑपरेटर झाला. तासाला इतरांच्या चाळीस वाट्या जास्त, आणि काठ फाटलेली एखादीच. बापाबरोबर लहानपणापासून पाभर धरलेली, ती लय त्याच्या अंगात होती. सुपरवायझर नव्या पोरांना आणून त्याच्यामागं उभं करायचा. "हे बघा. औंढ्याचा माणूस हाये. ना रजा, ना कटकट. असं पाहिजे."

त्याच खात्यात शेरवाडीचे आणखी तिघं होते. नवाब वेल्डिंगला होता, फकिरा पॉलिशला, आणि सांडू बिनं ओढायला. तिघांचेही कागद दुसऱ्यांचे. नवाब कागदावर बिदरचा होता. फकिरा आणि सांडू जालन्याकडचे. गावात एकाच ओट्यावर तंबाखू मळणारी ही चौघं कंपनीत एकमेकांना ओळखत नसत. डबा खायला चार कोपऱ्यात बसत. चौघांनीही बायका-लेकरं गावात ठेवून बजाजनगरच्या टोकाला पत्र्याच्या खोल्या धरल्या होत्या, कारण शेरवाडीच्या वाटेनं जाताना कुणी पाहिलं तर संपलं. सुट्टीच्या वारी तेवढं नाल्याच्या कडंनं गावात जायचं, मायच्या हातचं खायचं, आणि दिवस बुडायच्या आत परत.

शेरवाडीचं नाव ऐकून साहेबाला ताप का येतो, त्याचं कारण पुंजाराम होता.

जमीन घेताना घरटी एक नोकरी देऊ असं बोलणं झालं होतं. बोलणंच, कागद नव्हता. पुंजाराम आधी दोन वर्षं कचेरीत फिरला, मग एका साहेबाकडून दुसऱ्याकडं, आणि शेवटी त्या साली चैत्रात तो गावातली नऊ-दहा माणसं घेऊन गेटच्या उजव्या हाताला, तारेच्या कुंपणाला टेकून बसला. सावली म्हणजे एक बाभूळ. सकाळची पाळी आत जाताना ही माणसं उठून उभी राहायची आणि पुंजाराम म्हणायचा, "जमीन आमची, काम आमाला पाहिजे." ओरडायचा नाही. नुसतं म्हणायचा, देवळात नाव घेतल्यासारखं.

आणि आत जाणाऱ्या पाळीत त्याचा मुलगा असायचा.

पहिल्या दिवशी रामकिसन पाळीच्या मधोमध शिरला. बापाच्या समोरून जायचं आणि पाहायचं नाही. त्यानं मान खाली घातली, पुढच्या माणसाच्या टाचा बघत तो गेट ओलांडून गेला. दहा-बारा दिवस असंच चाललं. मग एका सकाळी वॉचमननं, वरून हुकूम आला म्हणून, बाभळीखालचा पाण्याचा माठ लाथेनं उलथवला. पुंजाराम माठ धरायला वाकला तर वॉचमनचा धक्का त्याच्या खांद्याला लागला आणि तो दोन्ही हात टेकून मुरमावर पडला. पटका सुटून रस्त्यावर आला. पाळी थांबून बघू लागली. रामकिसन चार हात लांब होता. पटक्याचं टोक त्याच्या बुटाला लागत होतं.

पुंजारामनं मान वर केली. मुलाकडं बघितलं, जसं बाकीच्यांकडं बघितलं तसंच. मग तो म्हणाला, "जा बाबांनो, तुमची हजेरी चुकंल."

रामकिसन पटक्यावरून पाय उचलून आत गेला.

सुट्टीच्या वारी तो गावात आला तेव्हा बाप ओसरीवर बसून तळहाताला हळद लावत होता. रामकिसन समोर बसला. 

"दादा, मी सोडून देतो कंपनी."

"कामून?"

"तुमी भाईर, मी आत. मला नाय पाहवत."

पुंजारामनं हळदीचं बोट कपड्याला पुसलं. "तू मान फिरवली ते बरं केलं. तू जर का मला उचलाया आला असता, तर मी तुला तिथंच हाणला असता. माझ्या बसण्यानं काम भेटंल का नाय हे मला ठावं नाय. तुझ्या प्रेसनं दोन येळंला भाकर भेटती, हे मला ठावं हाये. आपलं आपलं काम करायचं."

माय, दगडाबाई, चुलीपाशी होती. तिनं ताटं वाढली.

"ऊन लई हाये, दादा. निदान दुपारचं तरी घरी येत जा."

"सकाळच्या पाळीला बसायचं अन् दुपारच्या पाळीला उठून जायचं, याला बसणं म्हणत न्हाईत," पुंजाराम म्हणाला आणि ताटाला हात जोडून जेवायला लागला.

*

वैशाख वद्यात एका मंगळवारी, दहाच्या चहाला, चहाची किटली घेऊन येणारा म्हातारा म्हणाला, "गेटावर एक बाबा पडला. टेम्पोत घालून घाटीच्या दवाखान्यात नेला." रामकिसनच्या हातात कप होता. त्यानं चहा प्याला, कप परत दिला, प्रेसकडं वळला. गेटावर दहा माणसं बसतात, दहातला कुणीही असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. पान, हात, पायडल. पान, हात, पायडल.

साडेअकराला नवाब त्याच्यामागं येऊन उभा राहिला. गॉगल कपाळावर चढवलेला, हातात वेल्डिंगचा होल्डर. खात्यात तो कधी त्याच्याजवळ आला नव्हता.

"मशीन बंद कर," नवाब म्हणाला.

"जॉब कमी पडत्यात."

"रामकिसन, मशीन बंद कर." वर्षभरात पहिल्यांदा त्या छपराखाली कुणी त्याला त्याच्या नावानं हाक मारली होती. त्यानं पायडलवरून पाय काढला. "दादा नगर नाक्यापर्यंतबी नाय पोचले. टेम्पोतच गेले. तात्यासाहेबांनी टेम्पो फिरवला. मैत गेटावर आनून ठिवलीया. सगळं गाव जमा झालंय."

रामकिसननं डायवरची वाटी काढून बिनमध्ये टाकली. तेलाचे हात चड्डीला पुसले. मग तो गेटाकडं चालायला लागला.

नवाबनं त्याचं मनगट धरलं. फकिरा पॉलिशवरून आला, सांडू आला. कंपनीत चौघं पहिल्यांदाच एके ठिकाणी उभे होते.

"जाऊ नको म्हणणारा मी कोण," नवाब म्हणाला. "दादांनी मलाबी खांद्यावर घेऊन उरूस दाखवलाय. पण तू भाईर निघाला की बोरगावकर साहेब इचारणार, ह्यो औंढ्याचा मानूस त्या म्हाताऱ्याचा कोण लागतो? मग समद्यांचे कागद निघतेत. सांडूची बायको आठव्या दिवसाची बाळंतीण हाये. फकिराच्या घरी तर तोच एक हाये."

 सांडूनं रामकिसनच्या पायाला हात लावला. रामकिसनपेक्षा तो दोन वर्षांनी मोठा होता.

"मी मुलगा हाये रे," रामकिसन म्हणाला. "पानी कोण देईल?"

 तेवढ्यात सुपरवायझर धावत आला. "सगळे यार्डात या. साहेब बोलावताहेत. मशिनी बंद करा."

यार्डात, गेटच्या आतल्या अंगाला, पाळीतली सगळी माणसं तीन रांगांत उभी केली. गेटच्या गजांतून पलीकडचं दिसत होतं. शेरवाडीचं सगळं गाव रस्त्यावर बसलं होतं. गेटाच्या अगदी मधोमध, डांबरावर घोंगडी टाकून पुंजारामला निजवला होता. त्याचं डोकं दगडाबाईच्या मांडीवर होतं. ती पदरानं माशा वारत होती. द्वारका तिच्या मागं, दोन लेकरं पदराखाली घेऊन. डांबर ऊन ओकत होतं. बापाच्या पायात चप्पल नव्हती. पाय गेटाकडं होते. टाचांच्या भेगा रामकिसनला मोजता आल्या असत्या.

बोरगावकर साहेब पर्सोनेल मॅनेजर होते. त्यांच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती. ते रांगेसमोर आले. "गेट उघडेपर्यंत कुणालाही बाहेर जाता येणार नाही. आणि मला एक सांगा, तुमच्यात या गावचा कुणी नाही ना? असेल तर आत्ता सांगा. नंतर कळलं तर पोलिसात देईन." मग ते एकेकासमोर थांबत गेले. "नाव? गाव?"

गावांची नावं येत गेली. अहमदपूर. किनवट. परतूर. नवाबनं बिदर सांगितलं. साहेब पुढं सरकले. रामकिसनला गजांमधून माय दिसत होती. तिनं मान वर केली होती. तिनं त्याला पाहिलं होतं, यात त्याला शंका राहिली नाही.

"नाव?"

रामकिसन गजांकडंच बघत राहिला.

"बद्रीनाथ कुटे," सुपरवायझरच म्हणाला. "आपला चांगला ऑपरेटर आहे, साहेब."

"गाव?"

"औंढा," रामकिसन म्हणाला.

साहेब पुढं गेले.

गेटच्या गजांशी तात्यासाहेब उभे होते. गावचे माजी सरपंच, पांढरी टोपी, बोलण्यात साखर. त्यांची आणि साहेबांची बोलणी आत-बाहेर उभं राहूनच झाली. तात्यासाहेबांनी घरटी नोकरीपासून सुरुवात केली. साहेब म्हणाले, माझ्या हातात नाही. फोन झाले. पोलिसांची जीप येऊन रस्त्याच्या कडेला थांबली. ऊन डोक्यावरून कललं. दुपारी दोनच्या सुमाराला साहेब म्हणाले, "एवढंच करू शकतो. या गृहस्थांच्या मुलाला घेतो. ठेक्यावर नाही, कंपनीच्या पटावर. बाकीचं नंतर बोलू. प्रेत उचला."

तात्यासाहेबांनी मागं वळून गावाकडं पाहिलं. कुणी हललं नाही. साहेब गजांपाशी वाकले आणि दगडाबाईला विचारलं, "बाई, मुलगा कुठं आहे तुमचा? पुढं येऊ द्या त्याला."

रामकिसन दुसऱ्या रांगेत, दहा पावलांवर उभा होता. त्याचं एक पाऊल पुढं पडलं. पडलंच. सांडूनं मागून त्याच्या शर्टाची मूठ धरली.

दगडाबाईनं साहेबाकडं पाहिलं नाही. ती सरळ गजांच्या आत बघत होती.

"मुलगा हितं नाय," ती म्हणाली. "पुण्याकडं गेला. पत्ता नाय त्याचा."

"मग अग्नी?"

"सून देईल."

गावातल्या बायांत कुजबूज झाली आणि थांबली. तात्यासाहेबांनी घसा साफ केला. "येईल तो, साहेब. आठ-पंधरा दिवसांत हजर करतो. तुमी आमाला कागद द्या." साहेबांनी वॉचमनच्या टेबलावर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या. गावातल्या चार माणसांनी पुंजारामला उचललं.

गेट उघडलं तेव्हा पाळी परत मशिनींवर धाडली होती. मसणवट कंपनीच्या मागच्या अंगाला, नाल्याच्या काठी. वाट कंपनीच्या भिंतीला धरून जाते. प्रेसच्या खात्याची मागची झरोक्यांची ओळ त्या भिंतीवर आहे. मशिनीच्या आवाजातही रामकिसनला माणसांच्या पायांची सरसर ऐकू आली, मग द्वारकाचा हुंदका. तो नक्की तिचाच होता असं त्याला वाटलं. ती मडकं घेऊन सगळ्यांच्या पुढं चालत असणार, केस मोकळे सोडून, चिरलेल्या बोटांनी दोरी धरून. तो प्रेसच्या अलीकडं, ती भिंतीच्या पलीकडं. पान, हात, पायडल. पान, हात, पायडल. झरोक्यातून गोवऱ्यांच्या धुराचा वास आत आला तेव्हा सुपरवायझरनं एका पोराला सांगून झरोक्याची झडप ओढून घेतली.

साडेतीनला पाळी सुटली. रामकिसन नाल्याच्या कडंनं मसणवटीत पोचला. माणसं गेली होती. लाकडं बसली होती, छातीचा भाग अजून जळत होता. तो जवळ गेला. तेलानं भिजलेली चड्डी आगीजवळ धरली की कसला वास येतो ते त्याला माहीत होतं. तरी तो जवळ गेला. नाल्यातून ओंजळीनं पाणी आणून त्यानं चितेशेजारच्या दगडावर सोडलं. ओंजळीत तेलाचे रंग तरंगत होते.

*

दहाव्याला त्यानं डोकं केलं नाही. बोडक्या डोक्यानं आत गेला तर साहेबाला दिसेल, म्हणून माय म्हणाली, राहू दे. काकस्पर्शाला तो लांब उभा राहिला. कावळा आला, घास घेऊन गेला. पण भावकीतल्या माणसांनी त्या दिवशी त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. एक चुलता तांब्या परत खाली ठेवून म्हणाला, "असू दे, मला तहान नाय." तोच चुलता थोड्या वेळानं शेजारच्या ओट्यावर पाणी पिताना दिसला.

त्याच आठवड्यात द्वारकानं सांगितलं, "मायच्या पोटात गाठ हाये. हाताला लागती. मामंजींना ठावं होतं, तुमाला सांगू नको म्हणले."

"कव्हापासून?"

"संक्रांतीपासून. खाल्लेलं ठरत न्हाई."

रामकिसन मायजवळ गेला. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. "मला काय धाड भरलीया," ती म्हणाली. त्यानं तिच्या पोटावर हात ठेवू पाहिला तर तिनं तो बाजूला केला.

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर तात्यासाहेब आले. बरोबर त्यांचा पुतण्या, काकासाहेब, बारावी झालेला, बावीस वर्षांचा, मान खाली घातलेला. तात्यासाहेब ओसरीवर टेकले, पानाची चंची काढली.

"रामकिसन, तुला तर जाता येत नाय," ते म्हणाले. "तू गेला की औंढ्याचा बद्री कुठं गेला म्हणून गोंधळ. चौघं उघडे पडताल. खरं का नाय?"

"खरं."

"अन् कागदाची मुदत सोमवारपर्यंत. जागा वाया घालवायची का? वहिनीचं कुंकू गेलं, दादांचा जीव गेला, तो फुकट घालवायचा का?"

रामकिसनला आता कळलं. त्यानं पोराकडं पाहिलं. पोरगं पायाच्या अंगठ्यानं शेणामातीची पापडी उकरत होतं.

"पंचायतीचा दाखला मी केलाय," तात्यासाहेब म्हणाले. "रामकिसन पुंजाराम गाडेकर. वय बावीस. वहिनीचा अंगठा पाहिजे, हाच माझा मुलगा म्हणून. बस."

"माझं नाव," रामकिसन म्हणाला.

"तू कुठं वापरतोय ते?"

हे तात्यासाहेबांनी चिडून म्हटलं नाही. हिशेब सोपा असल्यासारखं म्हटलं. मग चुन्याचं बोट पानाला लावत ते पुढं म्हणाले, "ऐक. पटावरच्या माणसाला दवाखान्याचं कार्ड भेटतं. ठेक्यावाल्याला भेटत नाय. कार्डावर मायचं नाव येतं. वहिनीच्या पोटाचं मला कळलंय. कार्ड झालं की आपरेशन फुकट. पोरगं नेईल की. तुझं बद्रीनाथचं कार्ड झालं तरी त्याच्यावर औंढ्याची मावशी येईल, दगडाबाई कशी येईल?"

 आतून दगडाबाई भिंतीला धरून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती खाली बसली आणि डाव्या हाताचा अंगठा पुढं केला.

"माय," रामकिसन म्हणाला.

"शाई कुठं हाये?" ती तात्यासाहेबांना म्हणाली.

तात्यासाहेबांनी खिशातून शाईची डबी काढली. त्यांनी ती बरोबरच आणली होती. अंगठा कागदावर टेकताना द्वारकानं म्हातारीच्या मनगटाला आधार दिला.

*

सोमवारी सात वाजता सुपरवायझर नव्या माणसाला घेऊन प्रेसवर आला. अंगावर घडी न मोडलेला निळा शर्ट, छातीवर कंपनीचा बिल्ला. ठेक्यावाल्यांना बिल्ला नसायचा.

"बद्री, हा नवा. गेटावर वारला त्याचा मुलगा. साहेबांनी सांगितलंय, जपून शिकवा. दोन दिवस याला नुसतं बघू दे, तिसऱ्या दिवशी पायडलवर घे."

सुपरवायझर गेला. बिल्ल्यावर फोटो काकासाहेबाचा होता आणि खाली रामकिसनचं नाव, बापाचं नाव, आडनाव. छापील अक्षरात त्यानं ते पहिल्यांदा पाहिलं.

"दादा, मला चुलत्यानं—" पोरगं बोलायला लागलं.

"हात मागं घे आधी," रामकिसन म्हणाला. "पान असं धरायचं. काठाला. बोटं डायच्या भाईर आल्याशिवाय पाय हलवायचा नाय. घाई झाली, कुणी हाक मारली, साप निघाला तरी नाय. समजलं का?"

"समजलं."

तो शिकवत राहिला. कसूर ठेवली नाही. बापाच्या नावावर आलेली बोटं होती, ती त्याच्यासमोर तुटायला नको होती. दुपारपर्यंत पोराला पत्र्याची वरची आणि खालची बाजू कळायला लागली.

डब्याच्या सुट्टीत काकासाहेब कागद घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसला. दवाखान्याच्या कार्डाचा फॉर्म होता. त्यानं आजूबाजूला पाहून विचारलं, "घरच्यांची माहिती लिहायची हाये. वडील, मयत. वय काय टाकू?"

"एक्कावन. पोलीस ॲक्शनच्या साली पाळण्यात होते म्हणायचे."

"कशानं वारले?"

रामकिसननं भाकरीचा तुकडा मोडला.  "ऊन लागून," तो म्हणाला.

"आई. नाव दगडाबाई. वय?"

"पन्नास लिही."

पोरानं लिहिलं. अक्षर चांगलं होतं त्याचं. रामकिसन ते अक्षर वळताना बघत होता.

"कार्ड कव्हा येतं?"

"महिन्यात येतं म्हणले."

"महिना लई झाला. साहेब तुला जपून वागवा म्हणलाय, तूच जाऊन इचार. मायला रक्त जातंय आता." त्यानं आवाज खाली आणला. "मला शिफ्ट सोडून येता येणार नाय. तू घेऊन जाशील ना तिला?"

"नेईन, दादा. आईची शपथ."

"रिक्षात तिला धक्का सोसत नाय. हळू घे म्हणावं. इंजेक्शनला भेती, तव्हा हात धरून बस. अन् डॉक्टरासमोर काकू म्हणू नको." रामकिसननं डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसेना, त्यानं गुडघ्यावर धरून दाबलं. "माय म्हण. सवय व्हावी म्हणून आजपास्नंच घरी जाऊन म्हणत जा."

भोंगा झाला. दोघं उठले. प्रेसपाशी आल्यावर रामकिसननं पान उचललं, काठाला धरून डायवर ठेवलं, आणि पोराचा हात मागं झाला का ते बघून पायडल दाबलं.